दोन रुपये दहा पैसे

अमरावतीत, राजापेठेतल्या रसवंतीवर ग्लास ओठाला लागायच्या आतच शेखरच्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला आणि त्याला रसाआधीच गोड लागलं. बँकेची थरथर त्याला ओळखू यायची. शाळेच्या ग्रुपची वेगळी, बायकोची वेगळी, आणि बँकेची म्हणजे छातीच्या डाव्या अंगाला कुणी लाडानं टिचकी मारावी तशी. खरं तर फोन सगळ्यांसाठी सारखाच थरथरतो, आणि शेखर चोवीस वर्षं विज्ञान शिकवत होता. पण मास्तरानं घरच्या सगळ्याच गोष्टी विज्ञानानं घेतल्या तर संसार व्हायचा नाही. त्यानं एका हातात ग्लास धरून दुसऱ्या हातानं फोन काढला. लाइट बिल भरलं गेलं, अकोला. कॅशबॅक जमा, दोन रुपये दहा पैसे. तो तसाच उभा राहिला. घुंगरू लावलेलं चरकाचं चाक फिरत होतं, रसवाला 'सर, बर्फ टाकू का अजून?' विचारत होता, आणि याच्या जिभेवरचा रस एकाएकी नुसता थंड झाला होता, गोड राहिला नव्हता. दोन रुपये दहा पैसे. कालच त्याच्या अमरावतीच्या घराच्या बिलाचे एकतीस रुपये चाळीस पैसे आले होते. मे महिना. कॅशबॅकचा हंगाम. लोक संत्र्याच्या बहाराकडे डोळे लावून बसतात तसा हा जानेवारीपासून मे महिन्याकडे डोळे लावून बसला होता, आणि अकोल्याच्या झाडाला लागलं काय, तर दोन रुपये दहा पैसे.

हे कॅशबॅकचं खूळ त्याला मागच्या श्रावणात लागलं. बँकेच्या ॲपवर आलं होतं की घरची बिलं ऑटो-डेबिटला लावा, तारखेला पैसे आपोआप कटतील आणि दर बिलावर एक टक्का वापस मिळेल. शेखरनं आधी लाइट लावली, मग गॅस, मग इंटरनेट, मग नळाचं बिल, मग स्वतःचा फोन, बायकोचा, हर्षाचा फोन, पुण्यात शिकणाऱ्या लेकीचा, देवश्रीचा फोन. बिलं संपली पण भूक संपेना. शेजारच्या नितेशच्या घराकडेही तो हावऱ्या नजरेनं बघायचा. हर्षा बोलायला फटकळ, एक दिवस कणीक मळता मळता म्हणाली, "अजी, सरणाच्या लाकडाचं बिल बी आताच लावून ठेवा ऑटो-डेबिटले. एक टक्का कमी जळसान." तो खो खो हसला होता. पैशाचं तसं काही नव्हतं. महिन्याला सगळे मिळून साठ-सत्तर रुपये यायचे, तेवढ्याचा तो रस पिऊन टाकायचा. पण जगात सगळेच आपल्याला लुबाडतायत, आणि त्यातल्या एकाच्या खिशातून आपण हळूच रुपया काढतोय, ही गंमत त्याला लहानपणी दुसऱ्याच्या आवारातली कैरी पाडण्यासारखी वाटायची. मग दिवाळीला तो अकोल्याला आईकडे गेला, तर डाबकी रोडच्या त्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या दाराआड, तारेच्या हुकाला टोचलेली लाइटची बिलं त्याला दिसली. वर्षानुवर्षांची. बाबा गेल्यापासूनची सगळी आईनं स्वतः भरलेली, प्रत्येकावर पतसंस्थेचा निळा शिक्का. यानं सगळ्यात वरच्या बिलाचा फोटो काढला, चार ठिकाणी बोट टेकवलं आणि जिंकल्यासारखा म्हणाला, "झालं काम. आता तुले लायनीत उभं राहाची गरज नाई. माह्या खात्यातून आपोआप कटत जाईन." वर कागदी बिल बंद केलं की दहा रुपये सूट मिळते, म्हणून तेही त्यानं बंद करून टाकलं. आई तेव्हा चिवडा हलवत होती. झारा क्षणभर थांबला. ती म्हणाली, "बरं."

आता रसवंतीच्या टीनाखाली त्याला ते 'बरं' आठवलं नाही. आता त्याला फक्त एवढंच वाटलं की बँकेनं आपल्याला चुना लावला. त्यानं तिथूनच मदतकेंद्राला फोन लावला, एक दाबलं, तीन दाबलं, पाच दाबलं, सनईचं रेकॉर्ड ऐकलं, आणि शेवटी लाइनवर एक गोड आवाजाची गीतांजली आली. "सर, एक टक्क्याप्रमाणे बरोबर आहे. बिलाची रक्कम दोनशे दहा रुपये आहे."

"मॅडम, अकोल्याचं बिल आहे ते. मे महिन्याचं."

"हो, सर."

"तुम्ही अकोल्याला आल्या आहात का कधी उन्हाळ्यात?"

"नाही, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

आणखी काही मदत ती करू शकत नव्हती, आणि तिनं जी केली तीच जरा जास्त झाली होती. दोनशे दहा. शेखरनं फोन खिशात टाकला आणि त्याला घामाच्या आत थंडी वाजली. चव्वेचाळीस, पंचेचाळीस डिग्रीचं अकोला. दुपारी बारानंतर तिथं कुत्रंसुद्धा गाडीखालून तोंड काढत नाही. त्या अकोल्यात ज्या घरात कूलर चालू आहे त्या घराचं बिल दोनशे दहा येत नाही. दोनशे दहा म्हणजे एक ट्यूबलाइट, थोडा पंखा, सकाळचं मिक्सर. दोनशे दहा म्हणजे कूलर बंद. आणि मग, जसं एखादं गणित उलटीकडून सोडवावं तसे मागचे महिने एकामागून एक उभे राहिले. जानेवारीत दोन रुपये पाच पैसे. फेब्रुवारीत एक नव्वद. मार्चमध्ये दोन, एप्रिलमध्ये दोन वीस. तो दर वेळी आकडा बघायचा, किती आले एवढंच बघायचा. सात महिने त्याची आई त्याला दर महिन्याला एकेक चिठ्ठी पाठवत होती आणि हा पाकीट हलवून चिल्लर काढून घेत होता.

त्यानं तिथूनच आईला फोन केला. माणिकबाईनं तिसऱ्या रिंगला उचलला. "काय रे, जेवला?"

"जेवलो. आई, गर्मी काय म्हणते?"

"काय म्हणन? अकोला हाये ना बाप्पा हे, काश्मीर थोडीच हाये."

"कूलर चालवून राहिली ना?"

"चालू हाये ना. दिवसभर चालू राह्यते. थांब, आवाज ऐक." आणि तिनं फोन कूलरपाशी नेला. घुर्र घुर्र घुर्र घुर्र, एकसारखा, तेलपाणी केलेला, गुळगुळीत. शेखरनं श्वास रोखून ऐकला. मग म्हणाला, "हो, चालू आहे." आणि फोन ठेवला. ग्लासात बर्फ वितळून रस पांढुरका झाला होता. आई खोटं बोलत होती. कारण त्यांच्या घरच्या कूलरला 'टक्' आहे.

ती 'टक्' शेखरचीच. तो चौथीत असतानाची. त्या वर्षी बाबांनी, टपाल खात्यातून कुठलीशी थकबाकी मिळाली त्यात, लोखंडी कूलर आणला होता. खाली भलंमोठं टाकं, तिन्ही बाजूंना खस, आणि समोर जाळीआड पितळी रंगाचं पातं. आईनं पहिल्या दिवशी टाक्यात पाणी सोडताना चार थेंब खसाचं अत्तर टाकलं आणि शेखरच्या कानात सांगितलं, "कोनाले सांगू नको. याच्या मांगून एक पाइप हाये, तो सिद्धा चिखलदऱ्याले जाते. तिथली हवा हाये हे." आणि ते खरंच होतं, कारण शेखर डोळे मिटून जाळीपुढं बसला की त्याला ओल्या झाडांचा वास यायचा, मेळघाटातला, जो त्यानं कधी घेतला नव्हता. पुढच्याच आठवड्यात त्यानं हे वर्गात सांगितलं. मास्तर हसले, पोरं हसली, त्याचं नाव वर्षभर 'पाइप' पडलं. तो रडत घरी आला, दप्तरातून लाकडी फूटपट्टी काढली आणि तो पाइप आहे की नाही हे एकदाचं बघायला जाळीतून आत खुपसली. खाडकन आवाज झाला. पट्टीचे दोन तुकडे, आणि पात्याचं एक पान मुडपलेलं. बाबांनी ते हातोडीनं ठोकून सरळ केलं, पण पूर्ण सरळ ते झालंच नाही. तेव्हापासून कूलर घुर्र घुर्र घुर्र करतो आणि मग 'टक्'. मोटर तीनदा बदलली, खस दर वर्षी बदलली, टाक्याला गंज लागला म्हणून डांबर मारलं, पातं मात्र तेच. चाळीस-पंचेचाळीस उन्हाळे त्या घरातली झोप त्या 'टक्'च्या तालावर लागली. बाबा गेले त्या दुपारीही ती चालू होती. बायका रडत होत्या आणि मधूनच 'टक्' व्हायचं, जणू कुणी कोपऱ्यात बसून सगळ्यांचं ऐकून घेतंय. आज फोनवर ती 'टक्' नव्हती. म्हणजे आई वच्छलाकाकूकडे होती, दोन घरं सोडून, आणि तिच्या नव्या प्लास्टिकच्या कूलरची हवा नव्हे, नुसता आवाज पोराला देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसमध्ये बसला. हर्षाला त्यानं सांगितलं की जरा आईकडं जाऊन येतो, हर्षा म्हणाली, "जा ना. सुट्ट्याच हायेत. आंबे घेऊन जा." तिनं आणखी काही विचारलं नाही याचं त्याला बरं वाटलं, कारण काय सांगणार होता? बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. नऊ वाजताच खिडकीचा लोखंडी दांडा हाताला चटका देत होता. फेब्रुवारीत तो आईकडं गेला होता तेव्हा ती अंधारात बसली होती. "लाइट काहून नाई लावली?" तर म्हणाली, "डोये दुखते रे लाइटानं. बसली अशीच." आणि यानं ते मानलं. मानलं नव्हे, सोयीस्कर म्हणून उचललं, खिशात टाकलं. तिचे डोळे! अजून सुईत दोरा ओवते ती बाई. बोरगाव मंजू मागं पडलं. पैसे कमी पडतायत का तिला? बाबांची पेन्शन आहे. की विसरायला लागली आहे, बटण चालू करायचंच राहून जातंय? की आजारी आहे, थंडी वाजते, सांगत नाही? मागच्या वर्षी त्या भागात एक म्हातारा पंख्याखाली बसल्या बसल्या उष्माघातानं गेला होता. तो आकडेमोड करत राहिला, कारण आकड्यांत माणूस दिसत नाही. पण आता दिसत होता. दोन रुपये दहा पैशांत त्याला आई दिसत होती, पदरानं मान पुसताना.

दार उघडंच होतं. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आत आल्यावर काही क्षण त्याला सगळं काळं दिसलं. मग खिडकीला लावलेली ओली चादर दिसली, तिच्या खाली फरशीवर उशाला पाट घेऊन पडलेली आई दिसली, आणि तिच्या पलीकडे, कोपऱ्यात, जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेला कूलर. वरून सुतळी बांधलेली, पदर नीट खोचलेला, एखादी पाहुणी बाई भिंतीकडं तोंड करून बसावी तसा. माणिकबाई उठून बसली. कपाळावर केस चिकटलेले, ब्लाउज पाठीला चिकटलेला. तिनं त्याला पाहिलं, कूलरकडं पाहिलं, आणि चोरी पकडली गेलेल्या पोरासारखी हसली.

"कालचा आवाज वच्छलाच्या इथला होता," ती म्हणाली.

"मालूम हाये मले. टक् नव्हतं त्यात."

"अऱ्या! इसरलीच मी ते." ती कपाळावर हात मारून खरंच हसली. "पानी पे. माठातलं घेय."

तो पाणी प्यायला. दोन तांबे प्यायला. मग तिच्यासमोर फरशीवर बसला. फरशीसुद्धा कोमट होती. "काहून वं आई? बिघडला का तो?"

"काई नाई बिघडला."

"मंग पैशाचा काई प्रॉब्लेम हाये का?"

"माह्यापाशी पैसे हायेत. जास्तच हायेत आता." 'आता'वर तिचा आवाज जरा वेगळा लागला. माणिकबाईनं हातातला वारा घ्यायचा विंजणा खाली ठेवला. "हे पाय शेखर, माहे पैसे होते तवा मी रात्रंदिवस चालवो. बिल आलं का पाहो, 'हात मेली, चौदाशे!' म्हनो, आन जाऊन भरो. आता तुह्या खात्यातून जाते. बटन दाबलं का मले दिसते, तुहा पैसा फिरून राहिला त्या पात्यावर. झोप नाई लागत. दुसऱ्याच्या पैशाच्या हवेत झोप लागते का कोनाले?"

"दुसऱ्याच्या? मी दुसरा हाये?"

"तू दुसरा असता तं मी दोन-दोन कूलर चालवले असते," माणिकबाई म्हणाली. "तू दुसरा नाईस, म्हनून तं."

मग शेखर तेच करायला गेला जे त्यानं आयुष्यभर केलं होतं: थाप मारायला. शेवटी मुलगा कुणाचा होता! त्यानं फोन काढला, तोंड गंभीर केलं. "तुले समजत नाई आई. बँकेची स्कीम हाये. बिल जितकं मोठं तितके पैसे बँक आपल्याले वापस देते. तू कूलर बंद ठेवून माहं नुकसान करून राहिली. बँकेवाले मले फोन करून राहिले, काहो मास्तर, आईले म्हना जरा कूलर चालवा."

"असं?" माणिकबाई पुढं सरकली. "देते बँक?"

"हे पाय ना, मेसेज."

"किती देते?"

"शंभराले एक रुपया."

माणिकबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं चौथीत 'पाइप आहे का गं खरंच?' विचारल्यावर पाहिलं होतं. "मंग नव्व्याण्णव कोनाचे जातेत?"

बाहेर कुठूनतरी कुल्फीवाल्याची घंटी वाजत गेली. शेखर हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं घाम पुसतोय असं दाखवून पुसले. तीही ते बघून नाही बघितल्यासारखं करून उठली आणि आंब्याची पिशवी रिकामी करू लागली. पाठमोरीच बोलत राहिली, कामाच्या बाईला सांगावं तसं, सहज. की दर महिन्याला दहा-बारा तारखेला लाइटचं बिल यायचं. ती आणि वच्छला, दोघी इस्त्रीची पातळं नेसून पतसंस्थेत जायच्या. खिडकीपाशी लाइन असायची, तिथं सगळी गल्ली भेटायची; कुणाच्या सुनेचं काय, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. खिडकीतली दामिनी म्हणायची, "या माणिकबाई, सही करता का अंगठा?" आणि ही म्हणायची, "अंगठा तुह्या गळ्यावर लावीन." मग शिक्का. मग कोपऱ्यावर एकेक ग्लास रस. "आता वच्छला एकटी जाते. मी काऊन जाऊ? बिलच येत नाई माह्या नावचं. दामिनीनं तिले इचारलं म्हने, माणिकबाई गेल्या का?"

दाराआडच्या तारेकडं शेखरनं पाहिलं. सगळ्यात वरचं बिल मागच्या आश्विनातलं, पिवळं पडायला लागलेलं. त्याचाच फोटो काढला होता त्यानं. एका फोटोत त्यानं तिचा शिक्का, तिची लाइन, तिचा रस, तिची रागानं म्हणायची 'हात मेली', सगळं एकदम उचलून आपल्या खिशात टाकलं होतं, एक टक्क्यासाठी. त्यानं ॲप उघडलं. अकोला शोधलं. बंद करा. ॲपनं विचारलं, खात्री आहे? तुम्हाला यापुढे कॅशबॅक मिळणार नाही. त्यानं हो म्हटलं. ॲपनं पुन्हा विचारलं, कारण सांगा. यादीत सहा कारणं होती, त्यातलं एकही त्याचं नव्हतं. त्यानं 'इतर'वर बोट टेकवलं. मग कागदी बिल पुन्हा चालू केलं. दहा रुपयांची सूट गेली.

"आन हे घेय," या महिन्याचं बिल किती ते त्याला विचारून आईनं डब्यातून नोटा काढून त्याच्यापुढं धरल्या. दोनशे दहा. तो नको म्हणायला गेला, पण तिचा हात जसा पुढं होता तसाच राहिला, जरासुद्धा न हलता, आणि त्याला समजलं की हे घेतल्याशिवाय कूलरचं लुगडं सुटायचं नाही. त्यानं घेतले. मोजून घेतले. ते बघून तिचं समाधान झालं.

मग दोघांनी मिळून सुतळी सोडली. शेखरनं बादल्या भरून टाक्यात ओतल्या. खस वाळून कडकडीत झाली होती, पाणी पडल्याबरोबर तिचा सुस्कारा निघाला. आईनं देवघरातून छोटी कुपी आणली, तिच्या तळाशी काय होतं देव जाणे, ती तिनं टाक्यात उपडी केली. बटण तिनंच दाबलं. आधी धूळ आली, मग कोमट वारा, मग हळूहळू ओलं काहीतरी. जेवून तो फरशीवर आडवा झाला. चोपन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर विरळ केस, डोळे मिटून जाळीपुढं. घुर्र घुर्र घुर्र. टक्. शेजारी आई घोरायला लागली होती.

जूनच्या दहा-बारा तारखेला तो घरी सोफ्यावर बसून फोनकडं बघत होता. अमरावतीचे अठ्ठावीस रुपये येऊन गेले होते. अकोल्याचं काही येणार नव्हतं हे त्याला माहीत होतं, तरी छातीची डावी बाजू टिचकीची वाट बघत होती. आणि फोन थरथरला, पण लांब, थांबून थांबून.

"चौदाशे सत्तर!" माणिकबाई ओरडूनच बोलत होती. "हात मेली, चौदाशे सत्तर आलं, पाय! आताच भरून आली. केवढी लाइन! दामिनी म्हने, कुठी गेलत्या? म्या म्हनलं, चिखलदऱ्याले."

"आई, माहे चौदा रुपये सत्तर पैसे बुडवले तुनं."

"बुडाले तं बुडाले. त्याचा आमी रस पेलो. थांब, ऐक."

शेखरनं फोन कानाला घट्ट लावला. घुर्र घुर्र घुर्र. बाहेर ऊन भाजत होतं, खिडकीबाहेरचा लिंब हलत नव्हता. टक्. त्यानं डोळे मिटले.

"कोनाचा फोन हाये जी?" स्वयंपाकघरातून हर्षानं विचारलं.

"चिखलदऱ्याचा," तो म्हणाला.